दादाचा डबा

“मॅम, दुसऱ्याचा डबा खाल्ला, तर तो आपल्या डायटमध्ये धरायचा का?”

अख्खा वर्ग हसला. विचारून दाखव, अशी पैज शेजारी बसलेल्या दुर्गाने लावली होती. पण ईराला उत्तर खरंच हवं होतं. ज्युदोच्या टीमसाठी तिला बावन्न किलोच्या आत यायचं होतं आणि काटा पंचावन्नच्या खाली सरकत नव्हता.

आहारावर बोलायला आलेल्या शैला मॅम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी ईराला थांबवलं. कोणाचा डबा, विचारलं.

“दादाचा.”

राजसदादा फ्रीगंज भागातल्या कोचिंगमध्ये गणित शिकवायचा. आई रोज सकाळी दोन डबे भरायची. शाळेच्या वाटेवर दादाचा पोचवायचं काम ईराचं. पण वर्ष होत आलं, तो डबा कोचिंगमागच्या बाकावरच संपत होता. मध्ये तीन दिवस तिने हात लावला नव्हता. काल गुळाच्या पोळ्या होत्या. एक तुकडा तोडला आणि चारही संपल्या. चव कळलीच नाही. मग आता काय उरलंय म्हणून तिने आपलाही डबा रिकामा केला आणि रात्री शिक्षा म्हणून जेवलीच नाही.

“दादा काही म्हणत नाही?”

“नाही.”

“खाताना भूक असते?”

ईराने नकारार्थी मान हलवली. भरलेला डबा परत आला की आईचा चेहरा बघवत नाही, एवढंच म्हणाली.

मॅम म्हणाल्या, एक दिवस बिघडला तर बिघडला. उपाशी राहून तो भरून निघत नाही. आज वेळेवर जेव. आणि आईशी बोल.

संध्याकाळी ईरा वेळेवर पानावर बसली. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. सगळं सावकाश चावून खाल्लं.

“राजसने आज भाजी संपवली ना गं?” आईने रोजच्यासारखं विचारलं.

बाबा रोजच्यासारखे पाणी आणायला उठले. तांब्या भरलेलाच होता.

ईराने दप्तरातून दादाचा डबा काढून आईसमोर ठेवला. जड होता. झाकणही उघडलेलं नव्हतं.

“बाबा, तुम्ही पण बसा. मी ठरवलंय. आई, उद्यापासून डबा एकच भर. दादाचं पान आपण परवा वाढू, वर्षश्राद्धाला.”