पाच स्पीकरांचा संच

उत्तनच्या कोळीवाड्यातल्या चंद्रावतीने भाईंदरच्या सेलमधून पाच स्पीकरांचा संच आणला, तेव्हा सगळी आळी बघायला लोटली. “एवढ्या पैशांत नुसता डबा येतो गो, तू तर घर दणाणून सोडलंस!” असं म्हणत शेजारच्या हंसाने हळदीच्या गाण्यांची सीडी तीनदा लावायला लावली.

दुसऱ्या दिवशी वारं फिरलं. सगळ्या होड्या परतल्या, हंसाच्या नवऱ्याची तेवढी आली नाही. चंद्रावतीने स्पीकरांवर चादर टाकली. आळीतले टीव्हीसुद्धा मुके झाले.

पाचव्या दिवशी सकाळीच हंसा दारात येऊन उभी राहिली.

“बिघडला काय गो तुझा बाजा?”

“न्हाय गो बाय. तुझ्या घरी असं असताना मी गाणी कशी लावू?”

“माझ्या घरी कसं हाय?”

चंद्रावतीने हंसाचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण हंसाने तो झटकला, आत येऊन चादर ओढून काढली आणि म्हणाली, “माझा धनी दर्यात हाय. गाणी बंद करून त्याला मारलंत ते तुम्ही. लाव!”