बरी झालीस की शिकवतो

शकूच्या कॅन्सरवर आता उपचार उरले नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी परतताना नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली. सायकलवरच्या एका मुलीकडे बघत शकू म्हणाली, "अहो, मला एकदा सायकल शिकवा ना." जयराम म्हणाला, "बरी झालीस की शिकवतो." तीन महिन्यांत ती गेली.

आता कॅन्सरच्या रुग्णांसाठी नाशिक-निफाड सायकलफेरी होती. जयरामने हट्टाने नाव दिलं होतं आणि गेले पंधरा दिवस तो मैदानावर रोज पडत होता. मुलगी साक्षी मागून कॅरिअर धरून पळायची.

"बाबा, चाकाकडे नका बघू. समोर बघा!"

"समोर बघितलं की पडतो मी! सोडू नकोस म्हटलं ना?"

दोन्ही गुडघे पुन्हा सोलवटले. साक्षीही वैतागली. "आईला शिकवणार होतात ना तुम्ही? एकदा आलेली सायकल कोणी विसरतं का?"

"मला कधी येत होती? त्या दिवशी तिला नाही म्हणवलं नाही, एवढंच."

रविवारी कुणी न धरता त्याने मैदानाला पूर्ण फेरी मारली. शकूला शिकवायचं तेवढं राहिलं.