बदललेली बाटली

मधुमेहानं हिरड्या सुजून वायोला आणि मेलेनाइते या बहिणींचे दात हलू लागले होते. टोंगातल्या नुकुआलोफाच्या दवाखान्यात डॉक्टर ताउफांनी हिरड्या खोलवर साफ केल्या. प्रयोग म्हणून एकीला झिंकच्या, दुसरीला पिठाच्या गोळ्या दिल्या. कुणाला कुठल्या, ते बंद पाकिटात होतं. तीन महिन्यांनी पाकीट फुटताना थोरली वायोला रडवेली झाली. “डॉक्टर, पहिल्याच दिवशी मी बाटल्या बदलल्या. माझी गोळी कडू लागली, म्हणजे तीच खरी. हिला उकडलेली अळकुडीही चावत नव्हती हो!” डॉक्टरांनी दोघींची नावं प्रयोगाच्या यादीतून खोडली. “कडू दोन्ही होत्या. पण तुम्हाला दिलेलीच पिठाची होती.” “म्हणजे ताई, तू मला तीन महिने पीठ चारलंस?” मेलेनाइते खदखदून हसली. हसताना तिचा एकही दात हलला नाही. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. “मग नुसत्या सफाईवर हे दात इतके घट्ट बसले कसे? रोज काय केलंत, सांगा.”