पांढऱ्या पायाची

इस्लामपूरच्या ढाब्यावर ढोसून वीरधवलनं जुनी गाडी हाणली ती थेट उसाच्या ट्रॉलीवर. त्याला खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, अंकिताचा, पाय मोडला.

दारात ओढून आणलेली गाडी बघून मिस्त्रीनं विचारलं, "दुरुस्त करायची का भंगारात घालायची?"

"भंगारात? माझ्या लेकाला राखलं हिनं!" सासूबाईंनी चेपलेल्या बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. "पांढऱ्या पायाची हाय ती सून. तिलाच धाडा तासगावला, बापाकडं."

वीरधवलनं मान डोलावली. ओसरीवर प्लास्टरमधला पाय घेऊन बसलेल्या अंकिताला दोघांचीही शिसारी आली.


"भंगारातच घाला, मिस्त्री. माझ्या बापानं लग्नात दिल्याली हाय, माझ्याच नावावर. पांढऱ्या पायाच्या बाईची गाडी यांच्या दारात कशाला?"