इथे चिंच होती

"आरोग्य उघडा, बाबा. डावीकडच्या रकान्यात. हिरवं."

एव्हेनोरने टॅबलेटच्या काचेवर बोट नेलं, मध्येच थांबवलं आणि मागे घेतलं. हिरव्यावर नाही, निळ्यावर नाही, कशावरच नाही. इडालियाने मोठ्या हौसेने बापासाठी हे नोंदींचं अ‍ॅप लावून दिलं होतं. ऑफिसात सगळ्यांना ते तीच लावून द्यायची आणि सगळे तिचं कौतुक करायचे. डाव्या बाजूला मथळे, मथळ्यात उपमथळे, त्यांच्या पोटात नोंदी. गोळ्यांची नोंद तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली होती.

"बरं, वर शोधायची चौकट आहे ना, तिथे लिहा."

"अगं, काय शोधायचंय ते आठवलं असतं, तर शोधत कशाला बसलो असतो?"

तिला हसू आलं, पण लगेच संध्याकाळ आठवली. तिचा भाऊ नॉर्लान संध्याकाळच्या बसने शेजारच्या देशातून, कोस्टा रिकाहून येणार होता, बाबांना घेऊन जायला. त्याचं तरी काय चुकत होतं? ती दिवसभर ऑफिसात, म्हातारा घरी एकटा. मागे सकाळच्या गोळ्या दोनदा घेऊन दारातच कोसळला होता. "त्यांच्या गोळ्या त्यांना सापडत असतील तर राहू दे तिथे," नॉर्लान फोनवर म्हणाला होता, "नाहीतर माझ्याकडे." एव्हेनोरने हो म्हटलं होतं. पण ज्या मानाग्वा शहरात उभा जन्म टॅक्सी चालवली, ते सोडायचा विषय निघाला की तो ताटावरून उठायचा.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. पार्सलवाला होता.

"आजोबा, एस्मिल्दाबाईंचं घर कुठे?"

झुलत्या खुर्चीतूनच एव्हेनोरने हात उचलला. "चिंच होती ना, तिथून दोन चौक तळ्याकडे, मग एक चौक वर. निळं फाटक. कुत्रं भुंकेल, चावायचं नाही."

पार्सलवाल्याने मान डोलावली आणि गाडी नेमकी तिकडेच वळवली.

इडालिया बघतच राहिली. ती चिंच भूकंपाच्या वर्षी पडली, तिच्या जन्माच्याही आधी. पार्सलवाला तर तिच्याहून कितीतरी लहान. पण या शहरात रस्त्यांची नावं विचारतो कोण? तळ्याकडे नाहीतर डोंगराकडे; सूर्य उगवतो ते वर, मावळतो ते खाली. लहानपणापासून तीही असेच पत्ते सांगत आली होती. आणि सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणाऱ्या बाबांनी आत्ता कुत्र्याचा स्वभावसुद्धा सांगितला होता.

तिने टॅबलेट ओढून घेतला. डावीकडचा रकाना काढून टाकला. मथळे गेले, उपमथळे गेले, तिचे लाडके रंगही गेले. कोरं पान उरलं. त्याच्या मधोमध तिने एक चौकोन ठेवला आणि त्यावर लिहिलं, 'इथे चिंच होती'.

"बाबा, सकाळच्या गोळ्या कुठे ठेवू?"

"सकाळच्या ना? मग वर. सूर्य निघतो तिकडे."

पानाचा माथा तळ्याकडचा धरून तिने सकाळच्या गोळ्यांचा चौकोन चिंचेच्या उजव्या हाताला, पूर्वेला ठेवला. "आणि रात्रीच्या?"

"खाली, सूर्य बुडतो तिकडे. हे काय विचारणं झालं?"

त्यांचा चौकोन डाव्या हाताला गेला. प्रत्येक नोंदीत तिने गोळी घेतल्यावर खूण करायला घर ठेवलं. तिचं ऑफिस तळ्याजवळ, म्हणून तिचा फोन नंबर पानाच्या माथ्याशी आला. नॉर्लानचं काय करायचं?

"तो डोंगरापलीकडे. लांब ठेव जरा, फार उपदेश करतो."

नॉर्लान तळाला गेला. चौकोनावरचं नाव कसं बदलायचं, तेही तिने बाबांना दाखवलं आणि ती भात टाकायला आत गेली.

नॉर्लान आला तो एक मोठी रिकामी बॅग घेऊनच. बाबांच्या कपड्यांसाठी. पाणीसुद्धा तो उभ्यानेच प्यायला.

"बाबा, रात्रीच्या गोळ्या दाखवा बरं मला."

इडालिया स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. एव्हेनोरने टॅबलेट मांडीवर घेतला आणि आधी गोल फिरवला, माथा तळ्याच्या दिशेला येईपर्यंत. मग बोट चिंचेवर टेकवलं आणि सावकाश डावीकडे नेलं. नोंद उघडली.

"एक पांढरी, अर्धी गुलाबी. खूण नाही, म्हणजे घ्यायची आहे. जेवल्यावर घेईन. आणि पाहिलंस का, तू कुठे आहेस? हा बघ, डोंगरापाशी."

नॉर्लानला हसू आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि पायाने बॅग खुर्चीखाली सारली. इडालियाला वाटलं, बाबांना मिठीच मारावी.

"पण हे मधलं काय?" नॉर्लानने वाकून पाहिलं.

इडालियाही वाकली. तिने लिहिलेलं तिथे नव्हतं. ती स्वयंपाकघरात असताना कोणीतरी एका बोटाने, एकेक अक्षर शोधून, नवं नाव घातलं होतं: 'इथे एव्हेनोर होता'.

"बाबा! असलं अभद्र काय लिहिता?" ती ओरडलीच.

एव्हेनोर खुर्चीत झुलत राहिला. "चिंच पडली तेव्हा सगळे रडत बसले होते, आता पत्ते कुठून सांगायचे म्हणून. आजही तिथूनच सांगतात. माझंही डोकं एक दिवस पुरतं जाईल, पोरांनो. तेव्हा घाबरू नका. इथून मोजायला लागा, सापडेन मी."