पंखा नसलेलं यंत्र

"खऱ्या व्यावसायिकाला आता स्टुडिओची गरजच उरलेली नाही," फिल्म संकलक फोनवर म्हणाला आणि लॅपटॉपवर ठेवलेला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका बसलाच होता.

पलीकडे दिग्दर्शिका होती. वितळत्या हिमनद्यांवरची फिल्म तिची. त्यासाठी तिने दोन हिवाळे बर्फात काढले होते आणि पायाचं एक बोट तिथेच ठेवून आली होती. फिल्म महोत्सवाकडे पोचायची वेळ आज संध्याकाळी सहापर्यंत, नंतर नाही. स्टुडिओतलं कपाटाएवढं यंत्र वापर, म्हणून ती सकाळपासून मागे लागली होती. संकलकाने ते हसण्यावारी नेलं. त्याचा नवा लॅपटॉप वहीपेक्षा पातळ होता, आणि तो व्यावसायिकांसाठीच बनवलाय असं खोक्यावर छापलेलं होतं.

"होईल ना रे सहापर्यंत?"

"चाळीस मिनिटं दाखवतोय. तू चहा घे."

फोन ठेवून त्याने पडद्याकडे पाहिलं. अख्खी फिल्म एका फाइलमध्ये ओतायचं काम चालू होतं. उरलेला वेळ: दोन तास. त्याने डोळे चोळले. पाच तास.

"हे काय!"

त्याच्या ओरडण्याने आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. काय झालं हे विचारण्याच्या भानगडीत ती पडली नाही. तिने हाताची उलटी बाजू लॅपटॉपला लावली.

"अरे देवा, फणफणलाय की हा!"

"आई, हात नको लावूस. व्यावसायिकांचं यंत्र आहे ते."

"पंखा कुठाय त्याला?"

"पंखा नसतो. पंखा घातला की जाड होतं."

"एवढं महागाचं आणि पंखा नाही? आपल्या बाथरूममध्येसुद्धा आहे."

"तापलं की ते आपणहून काम हळू करतं. हुशार आहे ते."

"तुझे काका तसेच होते. जरा उकडायला लागलं की ऑफिसात फाइलवर डोकं ठेवून झोपायचे. त्यांना कोणी हुशार नाही म्हटलं. घरी पाठवलं."

पडद्यावर आता अकरा तास होते. भिंतीवर साडेचार. स्टुडिओ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला; तिथे पोचून पहिल्यापासून सुरू करायचं, तर सहा तिथल्या जिन्यातच वाजले असते. आईसमोर रडवेलं व्हायचं नाही म्हणून संकलक बेडरूममध्ये गेला आणि दार लावून त्याने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, यंत्र थंड वातावरणात वापरून पाहिलंत का?"

हिमनदीवर नेऊ का, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आपण त्यावर नेमकं काय करता, सर?"

"व्यावसायिक काम!"

"अच्छा, अच्छा. त्यासाठी आमचं दुसरं मॉडेल आहे. थोडं जाड आहे."

"काय जास्त आहे त्यात?"

"पंखा, सर."

संकलक पलंगावर बसला. एका माणसाला किती धक्के बसावेत याला काही मर्यादा असते, असं वाटून तो थोड्या वेळाने उठला आणि बाहेर आला.

मर्यादा नव्हती.

लॅपटॉपच्या कपाळावर, म्हणजे पडदा आणि बटणं यांच्या मधल्या पट्टीवर, ओल्या रुमालाची घडी होती. शेजारी पाण्याचं भांडं. आई खुर्चीवर बसून घडीची टोकं नीट करत होती.

संकलकाने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघायला वेळ लागला. "पा... पाणी! आई, पाणी!"

"घट्ट पिळलाय. ओरडू नकोस, बिचाऱ्याला जरा बरं वाटतंय."

आईकडे सगळ्या दुखण्यांवर हा एकच इलाज होता. त्याला ताप आला तेव्हा पट्टी. गणितात नापास झाला तेव्हा पट्टी. पहिली नोकरी सुटली तेव्हाही तिने त्याला झोपवून पट्टीच ठेवली होती. तेव्हा ती निदान माणसाच्या डोक्यावर होती.

त्याने झडप घालून रुमालाला हात घातला, आणि त्याची नजर पडद्यावर गेली.

सहा तास.

हात तिथेच थांबला. तीन तास. एक. पन्नास मिनिटं.

"बघ," आई म्हणाली. "उतरतोय."

फोन वाजला. दिग्दर्शिका.

"खरं सांग, होतंय ना? पुढच्या वर्षी पाठवू म्हणालास, तर दाखवायला बर्फ शिल्लक राहायचा नाही."

संकलकाने रुमालावरचा हात काढला, घसा साफ केला आणि ताठ उभा राहिला.

"होतंय म्हणजे काय? झालंच समज. मघाशीच सांगितलं ना तुला, स्टुडिओचे दिवस संपले. यंत्र तसं असावं लागतं, आणि वापरणाऱ्याला त्याची नस माहीत असावी लागते. शेवटी हे व्यावसायिक—"

पडद्यावरचे पन्नास सत्तर झाले. मग दीड तास.

त्याने फोनवर तळहात दाबून धरला.

"आई," तो हळूच म्हणाला, "पट्टी गरम झाली गं. बदलतेस?"