आवाजाचं बटण

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार होता, म्हणून मी नातीसाठी अंगाई लेकीच्या मोबाइलवर गाऊन ठेवली. “आता भांडशील कशी गं?” म्हणत नवरा गॅलरीत गेला नि डोळे पुसून आला. दवाखान्यातून नाशिकरोडला लेकीकडे आले. ती म्हणाली, “आई, तुझी अंगाई वेबसाइटवर टाकून मास्टर केलीय, सगळा आवाज स्वच्छ नि एकसारखा. एकदम स्टुडिओसारखी!” तिने ती लावली. नात पेंगली. शेवटचं कडवं मी कुजबुजत गायचे. वेबसाइटने तेही खणखणीत करून ठेवलेलं. पोर दचकून रडायला लागलं. मी पाटीवर लिहिलं, ‘मूळचं लाव.’ लेकीचा चेहरा उतरला. “मोबाइल भरला होता गं, डिलीट केलं.” पाटी ठेवली. नातीला मांडीवर घेऊन अंगाई पुन्हा लावली आणि अंगठ्याने बटण दाबत आवाज हळूहळू शून्यावर आणला. पोर झोपलं. लेक मोबाइल बंद करायला वाकली. मी तिचा हात धरला. शेवटचं कडवं अजून बाकी होतं.